कार्थेजमधलं दाण्याचं कूट

२००६ सालच्या ऑक्टोबरात लंडनजवळच्या पिनरमधल्या चाळीसेक मराठी माणसांच्या लक्षात आलं, की मागच्या जन्मी, पाचव्या शतकात, आपण सगळे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात, गायसेरिक नावाच्या व्हँडल राजाच्या पदरी होतो. चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये बायका डोळे पुसत होत्या. बाहेर गाड्या एकीमागे एक अशा लागल्या होत्या, की मधली कुणाचीही गाडी निघणं शक्य नव्हतं.

हे ज्ञान संजयमहाराजांचं. हॅरोतल्या दुसऱ्या महाराजांनी इजिप्त आधीच घेतल्यामुळे त्यांनी कार्थेज घेतलं होतं.

"रोम हरलं! व्हँडलांची गलबतं आली!" महाराज डोळे मिटून सांगत होते. "स्वाती, तू राजाच्या अत्तरखान्याची प्रमुख. धुरात घुसमटून गेलीस. म्हणून आजही दम लागतो!"

"अगं बाई! माझा दमा! मी यांना एका शब्दाने सांगितलं नव्हतं हो!"

विष्णुभाऊ घोडदळाचे सरदार निघाले. घोड्यावरून पडले होते, म्हणून गुडघे.

शेवटच्या रांगेत डॉक्टर सुप्रभाताई मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. तीस वर्षं हॉस्पिटलात काढल्यामुळे गुडघे कशाने दुखतात याबद्दल त्यांची मतं जरा वेगळी होती. पण आज त्यांचं लक्ष समोरच्या तांब्याच्या ताटाकडे होतं. ताटात त्यांच्या नवऱ्याचं, हरीशचं, इन्सुलिनचं पेन होतं. हरीश राजाच्या मधाचा कोठारी होता म्हणे. मधात भेसळ केली, म्हणून या जन्मी साखर. आज पूजा झाली की शाप सुटणार आणि इन्सुलिन कायमचं बंद.

"अकरा वर्षं टोचून घेतोय, सुप्रभा," हरीश सकाळी म्हणाला होता. "एकदा हे करून बघू दे ना."

"अहो, करून बघायला तुम्ही एकच आहात."

शेजारी त्यांची लेक अन्वी बसली होती. ब्रिस्टलला प्राचीन इतिहास शिकत होती, वीकेंडला घरी आली होती. ती आपल्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत कुजबुजली, "आई, सगळे राजाकडेच जॉबला? मग ऑलिव्ह कोण काढत होता? व्हँडल आले तरी तिथला शेतकरी तोच राहिला. झाडं विकली की लाकडाच्या फळीवर लॅटिनमध्ये लिहायचे, रोमन कायद्याप्रमाणे. ॲक्च्युअली फार काही चेंज झाली नाही."

"या गर्दीत शेतकरी सापडायचा नाही," सुप्रभाताई म्हणाल्या आणि उठून महाराजांपुढे जाऊन बसल्या.

महाराजांचं कपाळ आठ्यांनी भरलं.

"तुम्ही रोमन जमीनदाराची पत्नी. व्हँडल सरदाराला तुमची जमीन हवी होती. त्याने मेजवानी दिली. आणि कोशिंबिरीत..." महाराजांचा आवाज फुटला, "कोशिंबिरीत दाण्याचं कूट घातलं! तेव्हापासून शेंगदाणा तुम्हाला विष!"

चाळीस माणसं शहारली.

सुप्रभाताईंनी पर्स उघडली, शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा काढला आणि कडकन तोडला. शांतपणे चावत राहिल्या. चिक्की चांगल्या पाकाची होती, वेळ लागला.

"महाराज, ही तर रोज खाते," हरीश न राहवून म्हणाला.

"आणि शेंगदाणा साउथ अमेरिकेची आहे!" अन्वी मागून ओरडली. "आफ्रिकेत ती हजार वर्षांनी आली!"

"बाळ, आत्म्याला भूगोल नसतो," महाराज म्हणाले.

"भुईमुगाला असतो," असं म्हणून सुप्रभाताई किचनच्या दारावरचा कागद काढून घेऊन आल्या.

हा कागद सगळ्यांच्या ओळखीचा. एका पाहुण्याला काजूकतलीने अंगभर गांध्या उठल्या, तेव्हापासून मंडळाचा नियम होता: कोण काय आणणार आणि कुणाला काय चालत नाही, ते आधी लिहायचं. सुप्रभाताई वाचू लागल्या.

"स्वाती: दमा, धूप लावू नये. विष्णू: गुडघे, खुर्ची लागेल. हरीश: साखर नको, इन्सुलिन, जेवण वेळेवर. सुप्रभा: दाणे जिवावर बेततात." त्यांनी चष्मा सारखा केला. "शेवटची ओळ मी गुरुवारी लिहिली. ती खोटी आहे. आता सांगा, हॉल शुद्ध करायला दर शनिवारी तासभर आधी किल्ली कोण नेतं?"

"पण मी खरंच कुणाला सांगितलं नव्हतं," स्वाती पुटपुटली.

"सांगितलं नव्हतंस. लिहिलं होतंस. अक्षर तुझंच आहे."

महाराज ध्यानाला म्हणून बाहेर गेले. त्यांची गाडी मधली होती. भक्तांची जेवणं होईपर्यंत ते तिच्यात बसून होते.

हरीशने ताटातलं पेन उचललं. त्यावरचं कुंकू रुमालाने पुसलं, कोपऱ्यात जाऊन नवी सुई लावली आणि शर्ट वर करून टोचून घेतलं. मग कुणाकडे न बघता म्हणाला, "वाढा आता."

वाढता वाढता सुप्रभाताई विष्णुभाऊंना, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आपली खासगी गोष्ट कुणी ओळखली, तर ती आपण कुठे लिहून ठेवली आहे का, ते आधी बघावं. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नये, खुद्द गायसेरिक राजा सांगायला आला तरी."

जेवण झाल्यावर हरीशने कागद परत दारावर लावला. खिशातलं लिहायचं पेन काढून बायकोची ओळ खोडली आणि खाली नवी लिहिली:

'सुप्रभा: सगळं चालतं. थापा चालत नाहीत.'