घट्ट भरलेल्या बॉबिनी

माझी धाकटी जाऊ मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की थोरलीने लपवलं.

आमच्या पुढच्या खोलीत तीन शिलाई मशीन आहेत आणि आम्ही तिघी गोधड्या शिवून विकतो. खिडकीजवळचं मशीन सासूबाईंचं, दाराजवळचं माझं, आणि कपाटाआड, पंख्याचा वारा पोचत नाही त्या कोपऱ्यात धाकटीचं. सासूबाईंची नजर गेल्या वर्षी इतकी अधू झाली की सुईचं नेढंही दिसेना. त्यांची खुर्ची रिकामी होणार, हे सगळ्यांना कळलं होतं. त्या खुर्चीला नुसता उजेड नाही. तिथे बसणारी कापड निवडते, नक्षी ठरवते, गिऱ्हाइकाशी बोलते आणि बाकीच्या मुकाट्याने ऐकतात. बावीस वर्षं मी त्या खुर्चीकडे बघत टीप मारली. धाकटीला या घरात येऊन चार वर्षं झाली होती, आणि तीही तिकडेच बघायला लागली होती.

त्यातच तिने बॉबिन, म्हणजे मशीनमधली खालच्या दोऱ्याची छोटी रिळी, भरायच्या वेगळ्या यंत्राचं खूळ काढलं.

"ताई, बॉबिन संपली की तुम्ही चाक सैल करता, सुईतला दोरा काढता, भरता, परत ओवता. एका गोधडीला आठ-दहा वेळा. वेगळं यंत्र असलं की सगळ्या बॉबिनी एकदम भरून ठेवायच्या. टीप थांबायलाच नको."

"माझी टीप बावीस वर्षं थांबतेय. कुणी तक्रार नाही केली."

"तुमच्यासमोर कोण करणार?" ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

माझा असा तिळपापड झाला की त्या दिवशीची भाजी दोनदा खारट केली. सासूबाईंनी मात्र यंत्राला होकार दिला, वर मलाही तिच्याबरोबर दुकानात पिटाळलं.

दुकानदाराने दोन यंत्रं काढली. एक बॅटरीवरचं, तळहाताएवढं. दुसरं वायरीचं, जड, रबराच्या पायांचं. धाकटीने पिशवीतून आमच्या मशीनची बॉबिन काढली आणि दोन्ही खुंट्यांवर चढवून पाहिली. घरून बॉबिन आणायचं मला सुचलं नव्हतं, म्हणून मी नाक मुरडलं. बॅटरीचं यंत्र चालू होताच टेबलावर थरथरत सरकायला लागलं, आणि बॉबिनीत दोरा एका बाजूला पोटासारखा सुटला. वायरीच्या यंत्रात दोरा दोन चकत्यांमधून जात होता आणि त्या चकत्यांवर एक छोटा पेच होता.

"हा पेच फार आवळू नका," दुकानदार म्हणाला. "तुमचा दोरा पॉलिस्टरचा. घट्ट भरला तर ताणून बसतो. शिवताना काही दिसत नाही. नंतर, विशेषतः धुतल्यावर, तो आखडतो आणि सगळ्या टिपेला चुण्या पडतात. बॉबिनीवर नख दाबून बघायचं. जरासं रुतलं पाहिजे."

"आई तसंच करतात!" धाकटी म्हणाली. मी बॉबिनीला कधीच नख लावलं नव्हतं, कारण माझ्या मशीनवर ती हवी तशीच भरली जायची. पण दुकानदाराचं बोलणं मी कान देऊन ऐकलं. धाकटीपेक्षा जास्तच.

वायरीचं यंत्र घरी आलं, आणि पुढच्याच आठवड्यात सासूबाईंनी निकाल कसा लावायचा ते सांगितलं. दोघींनी एकेक गोधडी शिवायची. कापड तेच, आधी धुऊन घेतलेलं. दोरा तोच, राखाडी. आठ दिवस. मग दोन्ही गोधड्या धुऊन वाळवायच्या आणि सासूबाई हाताने तपासणार. जिची टीप सरस, तिची खुर्ची.

पहिल्या सकाळी मी माझ्या मशीनवर दहा बॉबिनी भरून गोल डब्यात ठेवल्या. धाकटीने तिचं यंत्र टेबलावर मांडलं, दोरा ओवला, आणि दारात कुणीतरी हाक मारली म्हणून उठून गेली. खोलीत मी एकटी. मी पेच दीड फेरा आवळला. फार बरं वाटलं.

ती परत आली आणि यंत्र घुं घुं करत चालू झालं. पाऊण तासाच्या आत तिने दहा बॉबिनी चौकोनी डब्यात टाकल्या. "बघा ताई, संपलं पण!" तिचं तोंड इतकं उजळलं होतं की मला पेच आणखी अर्धा फेरा न आवळल्याचं वाईट वाटलं. ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी तो पूर्ववत केला.

संध्याकाळी सासूबाई नेहमीसारख्या खोलीत चाचपडत फिरल्या, डबे उघडले, बंद केले. मी त्याला म्हातारपणाचा चाळा समजत होते.

आठ दिवस शिवण चाललं. धाकटी गुणगुणायची आणि मी मनात म्हणायची, गुणगुण बाई, हवं तेवढं गुणगुण. माझी टीप मधूनच ओढल्यासारखी वाटली. मी मशीनला दोष दिला, तेल घातलं, वरचा दोरा थोडा घट्ट केला आणि पुढे गेले. माझं सगळं लक्ष कोपऱ्यातल्या तिच्या पाठीकडे होतं.

नवव्या दिवशी गोधड्या धुतल्या, दहाव्या दिवशी दुपारी मोठ्या टेबलावर पसरल्या. माझा नवरा आणि दीर भिंतीला टेकून उभे होते. सासूबाईंनी डावीकडच्या गोधडीवरून बोटं फिरवली. सावकाश, टीप धरून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. बोटं कुठेच अडली नाहीत. मग उजवीकडच्या. तिथे ती पावलोपावली अडायला लागली. आखडलेली टीप, गोळा झालेलं कापड, चुण्याच चुण्या.

"ही कुणाची?"

मी तोंडभर हसून धाकटीकडे बघितलं. मग कोपऱ्यावरचं माझ्या हातचं निळं ठिगळ दिसलं.

"माझी," मी म्हटलं.

सासूबाईंनी धाकटीला चहा टाकायला पाठवलं, दोन्ही मुलांना बाहेर घालवलं, आणि दार लोटून घेतलं.

"पहिल्याच संध्याकाळी डबे चाचपले मी. तुझ्या बॉबिनी ठीक होत्या. तिच्या दगडासारख्या. नख रुतेना. त्या पोरीने दुकानदाराचं बोलणं मला तीनदा ऐकवलंय, ती कशाला पेच आवळेल?"

मी गोधडीवरची एक चुणी तळहाताने सपाट करायला लागले.

"मग मी डबे तसेच ठेवले आणि आतल्या बॉबिनींची अदलाबदल केली."

"फसवलंत मला!" मी ओरडले. "तुमच्या मनात आधीपासून तीच होती!"

"मनात तूच होतीस गं." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही, आणि त्यानेच मी जास्त पेटले. "म्हटलं, बावीस वर्षांचा हात आहे. पहिली बॉबिन उचलल्याबरोबर तिला कळेल. तणतणत येईल माझ्याकडे, भांडेल. मी तिला चार शिव्या देईन आणि खुर्ची देऊन टाकीन. रोज वाट बघितली. तू दहाच्या दहा लावल्यास. एकदाही हाताला कळलं नाही?"

ओढल्यासारखी टीप मला कळली होती, आणि बॉबिन काढून बघायची सोडून मी तिची पाठ बघत बसले होते.

धाकटी चहा घेऊन आली. गोधडीकडे बघून तिचा चेहरा खरोखर उतरला. "ताई, असं कसं झालं? पाणी फार गरम होतं का?"

तिने मला टोमणा मारला असता तर मी तो झेलला असता. तिची ती कळकळ मला सहन झाली नाही.

"उद्यापासून खिडकीजवळ तू," सासूबाई तिला म्हणाल्या. "आणि तुझ्या बॉबिनी थोरली भरेल. त्या यंत्रावर." पेचाबद्दल त्या तिच्याजवळ एक अक्षर बोलल्या नाहीत, अजूनही नाही.

दुसऱ्या सकाळी मी यंत्रापुढे बसले. पेचावर बोट ठेवलं. खिडकीजवळ धाकटी खुर्ची पुढेमागे सरकवून बघत होती. मी बटण दाबलं, बॉबिन भरली, अंगठ्याचं नख दाबलं. जरासं रुतलं. मी ती तिच्यापुढे टाकली.

तिने ती नख न लावता, माझ्याकडे बघून हसत, तशीच मशीनला लावली. इतका राग मला तिचा आजवर कधी आला नव्हता.