कुणाच्या घामाचं कार्ड

मावशींच्या नणंदेची एक खोड होती. सल्ला कुणी मागो न मागो, ती देणारच. आणि दिलेला सल्ला पाळला जातोय ना, हे बघायला रोज वरच्या मजल्यावरून खाली उतरणार. खाली मावशींचं इस्त्रीचं दुकान. दुकान म्हणजे काय, राहत्या खोलीचाच पुढचा अर्धा भाग. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणे, नणंद तेवढी वहिनी.

"वहिनी, या वयात लग्न करायचं तर खुशाल करा," नणंद म्हणाली. "पण तुमचं ते म्हातारपणाच्या विम्याचं कार्ड माझ्या गेलेल्या दादाच्या नोकरीवर मिळालंय. दुसऱ्याची बायको झालात की गेलं म्हणून समजा. त्याच्या घामावर चालतात तुमच्या गोळ्या."

झालं. मावशींच्या तोंडचं पाणीच पळालं. हृदयाची झडप गळकी, गोळ्या जन्माच्या, वर्षातून एकदा मोठी तपासणी. कार्ड नसतं तर दुकानाची सगळी कमाई औषधवाल्याच्या गल्ल्यात गेली असती.

लग्न करायचं होतं ते समोरच्या ड्रायव्हरशी. बसवर आयुष्य काढून निवृत्त झालेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, साधा माणूस. आठवड्याचे शर्ट एकदम टाकायचे सोडून रोज एकेक घेऊन यायचा आणि होईपर्यंत उभा राहायचा. गल्लीला केव्हाच कळलं होतं, मावशींनाच काय ते उशिरा समजलं. समजलं तेव्हा बाई कॉलर जाळून बसल्या होत्या.

आता त्याच्या पेन्शनवर आपलं दुखणं लादायचं? छे. मावशींनी त्याला सांगून टाकलं, "आपलं काही जमायचं नाही." कारण सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. "बरं," म्हणाला आणि शर्ट उचलून गेला. त्या दिवसापासून शर्ट येईनासे झाले. समोरून चुरगळलेल्या कपड्यात जाताना दिसायचा, आणि मावशींना ते बघवायचं नाही.

शेवटी एका सकाळी दुकान बंद ठेवून त्या विम्याच्या ऑफिसात गेल्या. नणंदेला म्हणाल्या, दोरा आणायला चाललेय.

खिडकीवर एक मुलगी होती. मावशींनी कार्ड सरकवलं. "हे गेलं तर पैसे भरून नवं केवढ्याला पडतं गं?"

"जाईल कशानं?"

"लग्न करीन म्हणते."

मुलीनं मान वर केली, हसू दाबलं आणि नंबर टाकून बघितलं. "मावशी, हॉस्पिटलात भरती होण्याचा जो भाग आहे, त्याचा हप्ता तुम्हाला नाहीच. डॉक्टर आणि तपासण्यांचा हप्ता तुमच्या पेन्शनमधून कापला जातो. दरवर्षी सुरुवातीचा थोडा खर्च तुमचा, मग पुढच्या प्रत्येक बिलात पाचवा हिस्सा तुमचा. लग्न करा नाहीतर नका करू, यातलं काही बदलत नाही."

"अगं, पण ते ह्यांच्या नोकरीवर आहे ना? आमचे हे. वारले ते."

मुलीनं नवऱ्याचं नाव विचारलं, पुन्हा शोधलं. "त्यांची सातच वर्षं भरलेली दिसतात. किमान दहा लागतात. त्यांच्या नोकरीवर तुम्हाला काही मिळालंच नसतं."

कसं मिळणार? रंगारी माणूस. कापाकापी नको, मजुरी सगळी हातात द्या, सरकारचं पोट मी कशाला भरू, हे त्याचं ठरलेलं.

"मग हे कुणाचं?"

"तुमचंच. हॉस्पिटलच्या लाँड्रीत होतात ना? चौदा वर्षं तुमच्या पगारातून कापलेत."

मावशी बाकावर जाऊन बसल्या. दर पगाराला लाँड्रीतल्या कॅशियरला त्यांनी मनातून शिव्या घातल्या होत्या. मेला कापतो, खातो. आणि इथे कार्ड मिळाल्यापासून तीन वर्षं रोज सकाळी गोळी तोंडात टाकताना नवऱ्याच्या फोटोकडे बघून म्हणत आल्या होत्या, तुमच्यामुळे हो. बिचारा तो तरी काय करणार, फोटोतून थोडाच सांगतोय! काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांना आधी हसू आलं. मग वाफेत भाजलेले हात आठवले, चादरींचे ते ढीग आठवले, आणि डोळ्यांना जो पदर लावला तो बराच वेळ काढवेना.

संध्याकाळी त्या सरळ समोरच्या इमारतीत गेल्या. वर नणंद खिडकीत होती. असू दे, बघू दे.

ड्रायव्हरनं दार उघडलं. मावशींनी धापा टाकत, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"म्हणून नाही म्हणालात होय?" तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, मीच नकोसा झालो." मग थोडा रागावलाच. "निदान बोलायचं तरी! माझी बसची नोकरी पूर्ण भरलेली आहे. लग्नाला वर्ष झालं की माझ्या कार्डावर घेतलं असतं तुम्हाला, आणि तोवरचा हप्ता भरला असता मी."

"कार्ड आहे माझं," मावशी म्हणाल्या. "मला तुमच्या कार्डावर नाही यायचं. घरात यायचंय."

ड्रायव्हर दारातून बाजूला झाला.