माझ्या लाल दिव्यावर देव चिकटवला तेव्हा

मी एक जुनी पांढरी मोटार आहे, आणि हे सांगताना मी मान खाली घालणार नाही. मित्रांनो, माझे वय झाले आहे, दाराचा पत्रा चेपला आहे, मागची काच हाताने लोटून वर करावी लागते. पण मी खोटारडी नाही. माझ्यावर तसा आळ आला होता, म्हणून तर आज तोंड उघडते आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यात पाहून लोक भांग पाडत. पहिली वर्षे अंबाजोगाईच्या एका डॉक्टरीणबाईंकडे सुखात गेली. मग सिरसाळ्याच्या अमरनाथअप्पांनी मला विकत घेतले. त्यांचे खत-बियाण्यांचे दुकान, जोडीला गाड्या भाड्याने देण्याचा धंदा. त्यांनी माझ्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढले, चाकापुढे नारळ फोडला आणि मी त्या घरची झाले. मी नवऱ्या सासरी पोचवल्या, बाळंतिणी माहेरी आणल्या. अप्पांची गाडी वेळेला धावून येते, असे अख्खे गाव म्हणायचे. कौतुक भरपूर झाले, फक्त तेलपाणी कोणी पाहिले नाही.

मग माझ्या ब्रेकचे तेल पाझरू लागले. आम्हा मोटारींना जीभ नसते, दिवे असतात. मी चालकासमोरच्या काट्यांच्या काचेआड लाल दिवा लावला. गिऱ्हाइके विचारू लागली, हा कशाचा दिवा? अप्पा म्हणत, "लागतोच त्यो." पण रोज तेच उत्तर देऊन ते कंटाळले. एक दिवस त्यांनी परळीहून शंकराच्या पिंडीचे गोल, चकचकीत स्टिकर आणले आणि नेमके माझ्या दिव्यावर चिकटवले. देवाला नख लावायची कोणाची छाती? विचारणारे आता हात जोडू लागले.

मित्रांनो, मला देवाचा राग नाही. पण माझ्या तोंडात बोळा कोंबला, आणि तो देवाचा, म्हणून कोणी काढेना. मीही हट्टी. आतला दिवा विझू दिला नाही.

त्यानंतर सुट्टीसाठी मॉरिशसहून दोघी मायलेकी आल्या. लेक सुकन्या, आई रुक्मिणीबाई. पणजोबांच्या आधीच हे घराणे बोटीत बसून तिकडच्या उसाच्या मळ्यांत गेले होते, पण मराठी बोलणे आणि सणवार त्यांनी टिकवले होते. परळीला वैजनाथाचे दर्शन झाले, आता कपिलधारचा धबधबा पाहायचा होता. लेकीला गाडी चालवता येत होती, म्हणून त्यांनी अप्पांकडून मला भाड्याने घेतले. बसल्या बसल्या रुक्मिणीबाईंना पिंडीच्या कडेने लाल उजेड दिसला. "बघ गं, देवाला प्रभावळ आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून नमस्कार केला. मला रडावे की हसावे कळेना.

सिरसाळा सोडले तशी पाय ठेवताच माझी ब्रेकची पट्टी खाली जाऊ लागली. सुकन्याने गाडी कडेला घेतली आणि अप्पांना फोन लावला.

"दोनदा दाबा की ताई," अप्पा म्हणाले. "जुनी गाडी हाय, तुमच्या देशातल्यावानी न्हाई. अन् म्होरं देव बसवलाय, काई व्हत न्हाई."

देवाचे नाव काढल्यावर रुक्मिणीबाईही चल म्हणाल्या. वडवणीत आठवडी बाजार भरला होता. रस्त्याच्या कडेला छबुबाई ज्वारीची पोती मांडून बसल्या होत्या. सुकन्याने दोनदा दाबले, तीनदा दाबले. माझ्यात काही उरले नव्हते. तिने हातब्रेक कचकन ओढला आणि मी पहिल्या पोत्याला टेकून थांबले. दोन हात पुढे गेले असते तर छबुबाई माझ्याखाली आल्या असत्या. त्या दिवशी मला स्वतःचीच भीती वाटली.

छबुबाईंनी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे झापले. सुकन्या गाडीतून उतरली. ती खाली वाकली तर चाकाजवळ तेलाचे थारोळे. मग ती आत बसून त्या लाल कडेकडे बघत राहिली आणि तिने नख पुढे केले.

"देवाला खरवडू नकोस," रुक्मिणीबाईंनी तिचा हात धरला. मग म्हणाल्या, "गणपती उठवतो तसे उठवू. मूठभर अक्षता मिळतील का, बाई?"

छबुबाईंचा राग अजून उतरला नव्हता. तरी त्यांनी पोत्यात हात घातला. "जवारी घ्या. आमच्याकडं लग्नात बी जवारीच्याच अक्षता असत्यात."

रुक्मिणीबाईंनी हात धुतले, पिंडीवर ज्वारी वाहिली, देवाची क्षमा मागितली आणि स्टिकर अलगद सोडवून पदरात घेतले. माझा लाल दिवा उघडा पडला. कितीतरी दिवसांनी मी माणसाच्या डोळ्यात पाहत होते.

सुकन्याचा फोन गेल्यावर अप्पा फटफटीवरून आले ते तापूनच. "देवाला हात काहून लावला? धड गाडी दिलती, तुमी बिघडवली. ही गाडीच लबाड हाय, उगंच दिवा लावती. उद्या आमच्या गावच्या गहिनीनाथची लेकरं कपिलधारला न्यायचीत. आना चावी."

कपिलधारला उतरायचा तो रस्ता मला ठाऊक होता. तो उतार, ती वळणे, आणि मागच्या सीटवर दाटीने बसलेली पोरे. मित्रांनो, मी त्या क्षणी ठरवले, तोडून भंगारात घातले तरी बेहत्तर, पण इथून हलायचे नाही.

सुकन्याने चावी मुठीत आवळली. पण रुक्मिणीबाईंनी ती तिच्याकडून घेतली आणि अप्पांच्या हातावर ठेवली. "घ्या. तुम्हीच चालवत न्या. आम्ही बसतो मागे."

अप्पा तावातावाने आत बसले. पट्टीवर पाय दिला. ती सरळ खाली गेली. पुन्हा दिला, पुन्हा खाली. मी काहीच धरले नाही. समोरच्या लाल दिव्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता आणि काचेपलीकडे छबुबाई त्यांच्याकडे टक लावून उभ्या होत्या. अप्पांनी चावी काढली. मग उतरले आणि त्यांनी गहिनीनाथला फोन लावला.

"उद्या गाडी जमत न्हाई. दुसऱ्या कामाला गेलीय."

"खरं सांग की रं बाबा," छबुबाई म्हणाल्या. "त्याच्या लेकरांच्या जिवाचं हाय."

अप्पांनी एकवार माझ्याकडे पाहिले. "तिचे ब्रेक गेलेत, गहिनीनाथ," ते म्हणाले. "मला ठावं व्हतं."

मेकॅनिक तिथेच आला. मायलेकी एसटीने कपिलधारला गेल्या आणि जाताना सुकन्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. आज माझे ब्रेक नवे आहेत. त्याच उतारावरून मी गहिनीनाथच्या लेकरांना नेले आणि सुखरूप परत आणले.

मित्रांनो, दसऱ्याला मला हार घाला, आवडतो मला. पण यंत्र काही सांगू लागले तर त्याला गप्प करू नका, त्याची दुरुस्ती करा. माझे काही दुखले तर मी पुन्हा दिवा लावीन, कोणाला आवडो न आवडो. आणि तरीही मला उतारावर न्यायची घाई असेल, तर आधी आपली स्वतःची लेकरे मागच्या सीटवर बसवा.