आवाज गिळायचं माझं काम

मी रुळाखालची बुचाची पट्टी बोलतेय. बाटलीला जे बूच लावतात, त्याच सालीची मी. दिसायला काही खास नाही. माझ्या अंगावरून खेळण्यातली आगगाडी धावते. तिचा आवाज खालच्या फळीत उतरू द्यायचा नाही, एवढंच माझं काम.

मला घरी आणलं बाबांनी. त्यांचं सगळं आयुष्य पत्र्याचे डबे ठोकण्याच्या कारखान्यात गेलं. काम सुटल्यावर मागच्या खोलीत मोठ्या फळीवर त्यांनी गाडी मांडली. एक स्टेशन, एक बोगदा, पुठ्ठ्याचे डोंगर. मग त्यांची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली आणि शेजारच्या खोलीत पाळणा लागला. इकडे गाडी सुटली की तिकडे बाळ दचकून रडायचं.

"बाबा, आवरून ठेवा ना हे सगळं," मुलगी एकदा काकुळतीला येऊन म्हणाली.

"आवाज घालवतो की! त्यासाठी गाडी कशाला घालवायची?"

बाबा दुकानात आले. मी तिथेच गुंडाळून पडले होते.

"काका, आवाज गाडीचा नाही, फळीचा," दुकानदार म्हणाला. "तुमच्या फळीचा नुसता ढोल झालाय."

त्याने दोन तऱ्हेचे रूळ पुढे ठेवले. एक छोटे तुकडे जोडायचे, दुसरे लांबलचक, हवे तसे वाकणारे. सांधे कमी, तर खटखट कमी. बाबांनी लांबवाले घेतले आणि त्यांच्याखाली घालायला मला.

घरी आल्यावर घोटाळा झाला. रूळ हलू नयेत म्हणून बाबांनी माझ्या आरपार फळीत स्क्रू पिळले. आवाज स्क्रूवाटे थेट खाली! मी असून नसल्यासारखी.

"आता?" बाबा ओरडून विचारायचे.

"आहे अजून!" पलीकडून उत्तर यायचं.

बाबांनी एकेक स्क्रू काढला. रबरासारखा मऊ राहणारा गोंद आणून मला चिकटवलं. फळीच्या पायांखाली जाड कापड घातलं. आवाज खरंच कमी झाला. बाळ झोपू लागलं. मला केवढा अभिमान वाटला!

मग एका दुपारी बाबांनी गाडी सोडली आणि त्यांचा चेहरा फुलला. "गेला! पार गेला आवाज!" माझ्यावर हात फिरवून म्हणाले, "शाब्बास गं!"

पण शेवटचा डबा रुळावरून घसरला होता. तो खडखड करत फरफटत चालला होता. इतका आवाज मी आल्यापासून कधी झाला नव्हता.

मुलगी बाळाला घेऊन दारात आली. बाबा हसत वळले. बाळाचं तोंड उघडं, चेहरा लालबुंद.

बाबा बघतच राहिले. मग हळूच विचारलं, "हा... रडतोय का गं?"

पुढे होऊन तिने गाडीचं बटण बंद केलं आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

कानाचं यंत्र आलं. त्यात बोलण्यापेक्षा घरघर जास्त, म्हणून ते कपाटात गेलं. शाबासकी मात्र माझ्याकडेच राहिली, माझी नसलेली.

आता बाळ फळीला धरून उभं राहतं. गाडी सुटली की खिदळतं. बाबा दोन्ही तळवे फळीवर टेकवून डोळे मिटतात. कानांनी नाही, तर निदान हातांनी तरी गाडी कळेल, असं त्यांना वाटत असावं. आणि मी मध्ये पडून सगळी थरथर गिळून टाकते. मला दुसरं काही येतच नाही.

"चालू आहे ना गं?" ते डोळे उघडून विचारतात.

मुलगी मान हलवून हो म्हणते.

त्या खोलीत कधी गेलात, तर एवढं करा. मला उपटून काढा. रूळ थेट फळीवर ठेवा आणि ते स्क्रू पुन्हा घट्ट पिळा. बाळ आता घाबरत नाही. वाजू दे फळी ढोलासारखी, त्यांच्या तळव्यांखाली.