कपडेपटातली पन्नासची लेन्स

मी पन्नासची लेन्स बोलतेय. पन्नास हे माझं वय नव्हे, माप आहे. पण सगळे त्याच नावानं हाक मारतात. मुठीत मावेन एवढी मी. काळं प्लास्टिकचं अंग आणि पोटात चार-सहा भिंगं, एवढाच माझा संसार.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथं धुळीचा एक कण दिसला तरी माणसं दचकायची. माझी भिंगं घासली, पुसली, परत घासली. शेवटी एका बाईंनी मला डोळ्याला लावून खिडकीकडं धरलं आणि समाधानानं मान हलवली. ती मला मिळालेली पहिली शाबासकी. दुसरीसाठी बरीच वाट पाहावी लागली.

दुकानात माझी जागा काचेच्या कपाटाच्या अगदी खालच्या फळीवर होती. वर झूमवाल्या लेन्स दिमाखात बसलेल्या. गिऱ्हाईक मला उचलून विचारायचं, "ही पुढं-मागं होते का?" होत नाही, असं कळलं की मी पुन्हा फळीवर. पुढं-मागं व्हायचं तर माणसानंच दोन पावलं चालायचं, ही अट कुणाला परवडत नसे.

एका दुपारी दोघी नणंद-भावजय दुकानात आल्या. भावजय ती माझी ताई. एका नाटक कंपनीचा कपडेपट ती सांभाळते. कोट, झगे, शाली शिवायच्या, उसवलेलं सांधायचं आणि प्रयोग चालू असताना सुईदोरा घेऊन विंगेत उभं राहायचं, हे तिचं काम. तिच्या भावानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना तिला देऊन टाकला. लेन्स मात्र स्वतःकडंच ठेवल्या. नणंद म्हणाली, भावानं बहिणीला गाडी दिली आणि चाकं काढून घेतली.

दुकानदार भला माणूस होता. नव्या माणसानं आधी मोजक्याच लेन्स घ्याव्यात, ज्या कामाला लागतील त्याच घ्याव्यात, असं तो प्रत्येकाला सांगायचा. त्यानं ताईला विचारलं, फोटो कशाचे काढणार? ताई खाली बघत म्हणाली, "असेच, घरातले." मग त्यानं घराला चालतील अशा दोन दिल्या. एक रोजच्या वापराची छोटी झूम आणि एक लांबचं जवळ आणणारी, लांबलचक. मी खालच्या फळीवरून त्यांना जाताना पाहिलं.

काही दिवसांनी दोघी परत आल्या. ताईचा चेहरा पडलेला होता. आता बोलायचं काम नणंदेनं हातात घेतलं, आणि खरी गोष्ट बाहेर आली.

ताईला घरातले फोटो काढायचेच नव्हते. तिला नाटकाचे फोटो काढायचे होते. कंपनीतल्या सर्वांत जुन्या नटीला सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बाईंचं हे शेवटचं नाटक, वर्षानुवर्षं चाललेलं; आता ते नव्यानं उभं राहत होतं, म्हणून तालमी चालू होत्या. त्यातल्या शेवटच्या प्रवेशात त्या हातात कंदील घेऊन एकट्या जिना उतरतात, आणि रंगमंचावर त्या कंदिलाखेरीज उजेड नसतो. मागं एकदा कुणीतरी फ्लॅश मारला, बाईंचे डोळे दिपले, पायरी चुकली आणि त्या पडल्या. तेव्हापासून फ्लॅशला बंदी. त्यामुळं ज्या प्रवेशासाठी लोक नाटकाला येतात, त्याचाच एकही फोटो नव्हता. ताईला तो काढायचा होता. तिनं तालमीला दोन्ही लेन्स लावून पाहिल्या, आणि बाईंचा चेहरा ओल्या पाटीवरून हात फिरवावा तसा फिसकटून आला. व्यवस्थापकांनी फोटो बघितले आणि सांगितलं, आपलं सुईचं काम बरं.

"तुम्ही हे तेव्हाच का नाही बोललात?" दुकानदारानं विचारलं.

"कपडे शिवणाऱ्या बाईनं नाटकाचे फोटो काढते म्हणायचं, तर लोक हसतील असं वाटलं," ताई म्हणाली.

नणंद म्हणाली, "वैद्याकडं जाऊन दुखणं लपवायचं आणि मग औषधाला नावं ठेवायची. वहिनी, तू पण कमाल आहेस."

दुकानदार हसला नाही. त्यानं वाकून मला उचललं. मग त्यानं दुकानातले दिवे मालवले आणि शटर अर्धं खाली ओढलं. ताईनं पिशवीतून दुरुस्तीला आणलेला बाईंचा पायघोळ काळा कोट काढून नणंदेच्या अंगावर चढवला आणि तिला स्टुलावर बसवलं. आधी छोट्या झूमनं फोटो काढला. कोट नुसता काळा ठिक्कर, आणि नणंद हललेली. मग मला लावलं.

माझ्यात एक गुण आहे. उजेड आत येण्याचं माझं दार त्या दोन्ही लेन्सपेक्षा खूप मोठं उघडतं. जिथं त्या चाचपडतात तिथं मला पुरेसं दिसतं. ताईनं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिलं आणि कॅमेरा आणखी डोळ्यांजवळ आणला. काळ्या कोटावरचा काळ्या दोऱ्याचा टाका न् टाका दिसत होता. ती म्हणाली, "वन्सं, ही माझी शिवण." लांबलचक लेन्स तिनं परत केली आणि मी छोट्या झूमशेजारी पिशवीत जाऊन बसले.

लगेच सगळं जमलं असं नाही. दार मोठं उघडलं की माझी नजर फार बारीक जागेवर टिकते. नाक स्पष्ट आलं तर डोळे धूसर. बिचारी नणंद रोज संध्याकाळी दिवा मंद करून खुर्चीत बसायची आणि ताई तिच्या डोळ्यांवर माझी नजर बसवायला शिकायची. नणंदेची तक्रार एकच. जन्मात कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं, आता पाहतंय तर सुरकुत्याच मोजतंय.

मग रंगीत तालीम आली. व्यवस्थापक नकोच म्हणत होते. कॅमेऱ्याच्या आवाजानं प्रवेश बिघडेल ही त्यांची भीती काही चुकीची नव्हती. ताईनं मान खाली घातली नाही. तिनं बाईंना सरळच विचारलं. बाई म्हणाल्या, "ती रोज तिथं विंगेतच उभी असते. तिचा मला कधी अडथळा झालेला नाही."

शेवटचा प्रवेश सुरू झाला. कंदील घेऊन बाई जिन्यावर आल्या. मी पुढं-मागं होत नाही, म्हणून ताईच सरपटत जिन्याच्या कठड्यामागं गेली. गुडघा खरचटला, तिला कळलंही नाही. बाई कुठल्या पायरीवर कोटाचा घोळ उचलतात आणि कुठं थांबून कंदील वर धरतात, हे तिला पाठ होतं. त्या घोळाला तिनंच बंद लावला होता. नाटकात त्याच क्षणी आतलं दार आपटतं. ताई त्या आवाजासाठी थांबली. बाईंनी कंदील वर केला. उजेड त्यांच्या डोळ्यांत उतरला, तिथून माझ्यात. दार आपटलं. ताईनं बटण दाबलं. कुणालाही ऐकू गेलं नाही.

रंगपटात बाईंनी चष्मा लावून कॅमेऱ्याचा छोटा पडदा कितीतरी वेळ पाहिला. त्यांच्या गालावरचा रंग अर्धाच पुसलेला होता.

"इतकी वर्षं हा प्रवेश मी आतून केला," त्या म्हणाल्या. "बाहेरून कसा दिसतो ते आज पाहिलं."

व्यवस्थापकांनीही पाहिलं. ते एवढंच म्हणाले की हा मोठा करून दर्शनी भिंतीवर लावा. नाट्यगृहाच्या दोन मजले उंच भिंतीवर कंदील घेतलेल्या बाई झळकल्या आणि खाली ठसठशीत अक्षरांत ताईचं नाव. रस्त्यानं जाणारी माणसं थबकायची. मागच्या रिकाम्या खुर्च्या भरल्या, पुढं प्रयोग वाढवावे लागले. नणंद समोरच्या फुटपाथवर उभी राहून अनोळखी माणसांना सांगायची, आमच्या वहिनीनं काढलाय. एकानं विचारलं, कॅमेरा कुठला? ती म्हणाली, कॅमेरा असू दे, आधी डोळा बघा.

आज माझ्या अंगावर ओरखडे आहेत. नजर बसवताना मी कुरकुरते, कडेची पांढरी अक्षरं पुसट झालीत. लांबलचक लेन्सही पुढं आमच्यात आली. मैदानावरच्या नाटकांना तिच्याशिवाय चालत नाही. छोटी झूम दौऱ्यावर सगळ्यांत जास्त राबते. आम्ही तिघी एकाच पिशवीत सुखानं राहतो. कंपनीचे फोटो आता ताईच काढते, आणि कुणी विचारलं तर ताठ मानेनं तसं सांगते.

तुम्हीही कधी पहिल्या लेन्स घ्यायला जाल. तेव्हा वरची फळी बघा, खालचीही बघा. पण त्याआधी, तुम्हाला खरोखर कशाचे फोटो काढायचे आहेत ते दुकानदाराला मोकळेपणानं सांगा. लाजू नका. पुढचं आम्ही बघून घेऊ.

चला, तिसरी घंटा झाली. ताईनं माझं झाकण काढलंय.