रोज पुसलेला फळा

‘तुमच्या खात्यानं खोटं लिहिलंय. आमच्या गावचा दवाखाना आठवड्यातून सहा दिवस उघडा असतो, असं तुमच्या वेबसाइटवर आहे. तो सहा दिवस बंद असतो.’

राजेश्रीने एवढं टाइप केलं आणि हात मांडीवर ठेवले. मागे बन्सीधरमामा उभे होते, तिचे चुलत सासरे. बोटांना खडू तसाच होता. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या.

‘सविनय लिही की पोरी. वरच्या लोकांना असं धाडकन लिहू नाही.’

‘सविनय तीनदा लिहिलं, मामा. तिन्ही वेळा नुसती पोच आली.’

चौथ्यांदा जे आलं ते उत्तर नव्हतं, नोटीस होती. रुग्णसंख्या नगण्य असल्याने उपकेंद्र हमरस्त्यावरच्या गावी हलवण्याचे प्रस्तावित आहे. हरकत असल्यास पुराव्यासह पंधरा दिवसांत कळवावे. रुग्ण येत नाहीत, हे साहेबांना दिसलं होतं. रुग्णांनी बीपी कुणाकडून तपासून घ्यायचा, दाराच्या कुलपाकडून का, एवढंच लिहायचं राहून गेलं होतं.

राजेश्रीची जाऊ रुख्मिणी सातव्या महिन्यात होती. पाय सुजायचे. बीपी दर आठवड्याला बघायला सांगितला होता. दवाखाना हलला, की नऊ किलोमीटर खड्ड्यांतून मोटरसायकलवर. म्हणून ही चार ओळींची हरकत राजेश्रीला नीट लिहायची होती आणि पंधरांतले चार दिवस गेले होते. पुरावा मात्र तिने स्वतःच्या हाताने पुसला होता.

गिरणीसमोरच्या लिंबाखाली एक फळा होता. शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त होण्याच्या आधीपासून, एकतीस वर्षं, बन्सीधरमामा तो लिहीत होते. सकाळी लिहायचा, दिवेलागणीला ओल्या फडक्याने पुसायचा. लाइट किती वाजता जाणार, चंद्रभानची म्हैस व्याली, खरवस पाहिजे त्यांनी डबा आणावा, अमक्याचा दहावा उद्या. शिळं ठेवायचं नाही, हा मामांचा नेम. कालचा फळा आज दिसला तर माणूस मेलेल्याच्या घरी दोनदा जाऊन येईल, असं ते म्हणायचे.

मागच्या दिवाळीनंतर राजेश्रीने परभणीला नचिकेत सरांचा वेबसाइटचा क्लास लावला. आठवड्यातून तीन दिवस, हमरस्त्यावरच्या झरीहून एसटीने. बारावीनंतर पंधरा वर्षांनी वही हातात धरलेली. नवरा भागवत म्हणाला, सोयाबीनच्या राशी निघाल्यात, जा, पण गावात काय सांगू? तिने सांगितलं, शिवणक्लासला जायलीय म्हणा. महिन्याभरात तिने गावची वेबसाइट केली. नाव ठेवलं ‘आपला फळा’. रोज सकाळी मामा खडूने लिहायचे, ती तेच तारीख-वार घालून वेबसाइटवर चढवायची. तिची स्वतःची अशी पहिली ओळ असायची: दवाखाना उघडा, किंवा दवाखाना बंद, सिस्टर आल्या नाहीत. बहुतेक दुसरीच.

सरांनी सांगितलं होतं, वेबसाइट बनवणं सोपं, लोकांना तिच्याकडे आणणं अवघड, आणि देखभाल सगळ्यांत अवघड. लोकांना आणायचं तिने आपल्या पद्धतीने जमवलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्रत्येकीला वेबसाइटचा पत्ता छापलेली चिकटपट्टी दिली. प्लास्टिकच्या डब्याची वाट बघणाऱ्या सुलाबाई म्हणाल्या, ‘हे चाटायचं का चिकटवायचं गं?’ पण चिकटवली. पिठाच्या डब्यांवर, देवघराच्या दारावर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. मग पुण्याला गेलेल्या लेकी सकाळी गावचा फळा वाचून आईला फोन करायला लागल्या.

देखभाल म्हणजे काय, ते मात्र तिने अंगणावरून ठरवलं. झाडून ठेवायचं. दिवेलागणीला मामा फडकं पिळत विचारायचे, ‘तुझा पुसला का?’ आणि ती त्या दिवसाचं पान काढून टाकायची. सात महिने. एक दिवस चुकला नाही. क्लासमध्ये सर जुनी पानं साठवायचं शिकवत होते, त्या दिवशी तिची एसटी चुकली होती.

नोटीस आल्यावर तिने सरांना फोन केला. त्यांनी तिकडे कॉम्प्युटर उघडून बघितलं. मग म्हणाले, मागच्या सात दिवसांचंच परत मिळेल, ताई. सात दिवसांनी काय होतंय? खात्याच्या रजिस्टरात सात महिने हजेरी होती.

मंगळवारी दवाखान्याचं कुलूप निघालं. आठवड्यातला तो एकच दिवस. राजेश्री रुख्मिणीला घेऊन गेली. सविता सिस्टर एकट्याच होत्या, बाहेर तेरा बाया. राजेश्री मनात वाक्य जुळवत बसली. तुमच्यामुळं. पगार घेता. लाज.

रुख्मिणीचा बीपी झाला. सिस्टरांनी आकडा लिहिला आणि मीठ कमी करा, असं दोनदा सांगितलं. राजेश्री तोंड उघडणार तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या निळ्या डब्यावर गेली. लशी ठेवायचा डबा. झाकणावर वाणाची चिकटपट्टी, कडा उन्हाने वळलेल्या.

‘मलापण दिली होती तुमी,’ सिस्टर म्हणाल्या. ‘विसरलात.’

राजेश्रीने वळलेली कड बोटाने सरळ केली.

‘रोज वाचते मी. रोज वाचते की सिस्टर आल्या न्हाईत.’

त्यांनी ड्रॉवरमधून फोन काढला, पुसला आणि तिच्यापुढे धरला. ‘आपला फळा’ची पानं होती. तारीख, वार, दवाखाना बंद. बोटाने सरकवावं तितकी खाली जात होती. एका पानावर चंद्रभानची म्हैस होती.

‘दुपारी जेवताना फोटो काढून ठेवायचे. एकशे त्रेचाळीस हायेत.’

‘तुमी कशाला?’

‘सकाळी फोन येतो. आज त्या गावाला जा, आज त्या कॅम्पला. तीन गावं करायलेय मी. आणि हजेरी लागते इथली. लेखी काहीच न्हाई. उद्या विचारलं, इथं का नव्हतीस, तर मी काय दाखवू?’ त्यांनी डब्याचं झाकण उगाच दाबलं. ‘तुमचा फळा तेवढा खरं लिहायचा.’

पुढची बाई आत आली. सिस्टरांनी फोन राजेश्रीच्या हातात तसाच राहू दिला.

‘घ्या सगळे. मी दिले म्हणू नका फक्त. त्या तीन गावांनी मला बघितलंय, लपलेलं काय हाय.’

घरी आल्यावर राजेश्रीने मनात जुळवलेलं एकही वाक्य वापरलं नाही. दोन दिवस बसून तिने एकशे त्रेचाळीस दिवस परत चढवले. ‘जुने फळे’ असं वेगळं पान केलं. हरकतीला त्याचा पत्ता जोडला. मग तिची आधीची शेवटची ओळ पुसली. त्या ओळीत सिस्टरांवर कारवाई मागितली होती.

दिवेलागणीला मामा आले. ओलं फडकं खांद्यावर. उभ्या उभ्या त्यांनी पान वरखाली करून बघितलं. सात महिन्यांचं शिळं.

‘हे कुठून आणलंस?’

‘सापडलं.’

मामा म्हशीच्या ओळीपाशी थांबले. मग चष्मा काढून शर्टाला पुसला.

‘मंगळवारी दवाखान्यात रुख्मिणीला तूच नेलं होतं न्हवं?’

‘हो. सिस्टरांना रोज फोन करून दुसऱ्याच गावाला पाठवतात, मामा.’

 मामा लिंबाखाली गेले, तीही मागोमाग गेली. फळ्यावर सकाळचं होतं: दवाखाना बंद, सिस्टर आल्या नाहीत. हल्ली तिची ओळ तेही लिहीत. मामांनी फडक्याच्या कोपऱ्याने ‘आल्या’ तेवढं पुसलं आणि तिथे दाटीवाटीने ‘पाठवल्या’ लिहिलं.

‘आता इथून असंच लिहू,’ ते म्हणाले. ‘तू तुझ्यावरबी बदल.’

लाइट, दहावा, खरवस, खालचं सगळं त्यांनी नेहमीसारखं पुसून घेतलं. वरची ओळ तशीच ठेवली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा फळ्यावर रात्रीसाठी अक्षर राहिलं. खडू अजून हातात होता. तो त्यांनी राजेश्रीपुढे धरला. तिने खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि तेच घरी जाऊन हरकतीच्या शेवटी टाइप केलं:

‘आमच्या सिस्टर सात महिने रजिस्टरात इथं होत्या. तुम्ही त्यांना कुठं पाठवत होता? उत्तर द्या. तोवर हा फळा पुसला जाणार नाही.’