बारावा डगला

राजवाड्याच्या पहारेकऱ्यांचे डगले शिवता शिवता शिंपीणबाईंचे केस पिकले होते. चाळीस पहारेकरी. कोणाचा खांदा उतरता, कोणाचं पोट सुटलेलं, सगळं तोंडपाठ. म्हणूनच सेनापतीच्या कारभाऱ्याने बारा मापांचा कागद पुढे टाकला, तेव्हा त्यांच्या काळजात चर्र झालं. त्यातलं एकही माप पहारेकऱ्यांचं नव्हतं.

"परवा सकाळी न्यायला येतील. आणि बाई, भिंतीला कान असतात."

"माझ्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात, साहेब. बोलू कशी?"

तो हसला नाही.

बाराव्या मापापाशी त्यांच्या पाचावर धारण बसली. डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं आखूड! झाडावरून पडून असा हात एकाचाच मोडला होता, आईमागे त्यांनीच वाढवलेल्या धाकट्या भावाचा.

परक्यांना पहारेकऱ्यांचे डगले कशाला, हे सांगायला ज्योतिषी नको होता. राजाचा जीव जाणार. बाईंनी लहानपणी एक बंड पाहिलं होतं. त्यांची गल्ली आठ दिवस जळत होती. पण जाऊन सांगावं, तर भाऊ फासावर. इकडे आड, तिकडे विहीर.

राजवाड्याच्या प्रत्येक डगल्यात गळपट्टीखाली त्या एक बारीक गाठ मारत. दरवान अंगठ्याने ती चाचपून मगच आत सोडी. ही गोष्ट राजा, दरवान आणि बाई, तिघांनाच ठाऊक.

बाईंनी अकरा डगले बिनगाठीचे शिवले. बारावा छातीत चार बोटं तंग केला.

ठरल्या दिवशी, भर दुपारी, धाकटा धापा टाकत आला. "ताई, हा अंगातच जात नाही! काय शिवलंस हे? सगळे पुढे गेले!"

"म्हातारीचे डोळे, बाबा. बस, उसवून देते."

त्यांनी दाराला कडी घातली आणि एकेक टाका सावकाश उसवू लागल्या. सहावा टाका निघाला आणि राजवाड्याची घंटा घणघणली. थांबेचना.

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला ठाऊक होतं?"

"कागदावर तुझा हात होता रे."

"ताई, ते पकडले गेलेत. आता माझं नाव घेतील."

बाईंचा हात टाक्यावरच थांबला. दोन दिवस त्यांनी टाक्यांचा विचार केला होता, जिभांचा नाही.

गल्लीच्या टोकाला बूट वाजू लागले. बाईंनी कात्री उचलली आणि सगळ्यात आधी ती आखूड बाही कापली. मग तिचे तुकडे. बूट दाराशी येऊन थांबले, तरी कात्री चालतच होती.